रंग उडाला, पण गेला कुठे?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेवाळाने कारखान्याचं सांडपाणी स्वच्छ करायचं की प्रोटॉन-न्यूट्रॉनमधलं बल संगणकावर काढायचं, यातलं मोठं काम कोणतं, असं विचारलंयस. मोठं-लहान सोड. हे ठरवणारे लोक बहुधा दोन्ही कामांपासून लांब बसलेले असतात. दोन्ही विषय माणसाला फसवतात, फक्त तऱ्हा वेगळी. ज्याची लबाडी पकडताना तुला जेवणाची आठवण राहणार नाही, तो विषय तुझा.

शेवाळाचं आधी बघू, कारण सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेल रंगवणारी डाइंग युनिट आहेत आणि तुला पाणी मिळवायला लांब जायला नको. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुतावर पूर्ण बसत नाही, उरलेला पाण्याबरोबर जातो. सोबत सोडा अ‍ॅश, म्हणून पीएच दहाच्या आसपास, आणि गडद रंगाला लिटरमागे ५० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त मीठ. त्यात क्लोरेला हे एकपेशीय हिरवं शेवाळ सोडलंस आणि आठवड्यात पाणी फिकं झालं, की लगेच पोस्टर छापू नकोस. रंग नुसत्या उन्हाने उडाला असेल. पेशींना चिकटून गाळात बसला असेल, म्हणजे कचरा फक्त जागा बदलून बसला. शेवाळासोबत वाढलेल्या जिवाणूंनी काम केलं असेल आणि श्रेय शेवाळाला गेलं असेल. सगळ्यात वाईट म्हणजे अ‍ॅझो बंध (रंगाच्या रेणूतली नायट्रोजनची जोडी) तुटून अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स तयार झाली असतील. त्यांना रंग नसतो, पण काही मूळ रंगापेक्षा विषारी असतात.

म्हणून बाटल्या चार लाव. एकीत नुसतं रंगाचं पाणी, दुसरीत उकळून मारलेलं शेवाळ, तिसरीत जिवंत शेवाळ पण काळ्या कागदात गुंडाळून, चौथीत जिवंत शेवाळ उजेडात. शेडनेटखाली ठेव, सोलापूरच्या मे महिन्यात उघड्यावर क्लोरेला शिजेल. पाणी आटतं आणि मीठ, रंग दोन्ही दाट होतात, तेव्हा रोज खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाल. पीएच आधी उतरव. बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड तेही करू शकतो आणि शेवाळाला खाऊही घालतो, ही कल्पना मला खरोखर आवडते. जास्त पीएच स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाला मानवतो, तीही लावून बघ.

दोन गोष्टी कुणी गोड करून सांगणार नाही. शेवाळ पाण्यातलं मीठ काढत नाही, त्याला आरओ (पडद्यातून पाणी गाळणं) आणि पाणी आटवणारा इव्हॅपोरेटरच लागतो. आणि उघड्या टाकीत लिटरमागे जेमतेम अर्धा-एक ग्रॅम सुकं शेवाळ असतं. ते गोळा करण्यातच बरेच प्रकल्प बुडतात. बाहेर सोडायच्या पाण्याला सीओडी (त्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आत लागतो, तो नुसत्या नजरेने कळत नाही.

आता दुसरं. १९३५ मध्ये जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकावांनी म्हटलं की न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, एका मधल्या कणाची देवाणघेवाण करतात. तो पायॉन १९४७ मध्ये सापडला. बलाचा पल्ला तू पाकिटाच्या पाठीवर काढू शकतेस: १९७ (ħc हा स्थिरांक, एमईव्ही-फेमटोमीटरमध्ये) भागिले पायॉनचं वस्तुमान १४० एमईव्ही (ऊर्जेचं एकक), म्हणजे १.४ फेमटोमीटर. इतकं सोपं पुढे काही नाही. खालच्या पातळीवर न्यूक्लिऑनच्या आतले क्वार्क आणि त्यांना जोडणारे ग्लुऑन आहेत, आणि तिथे बल एवढं जोरकस की कागदावरची नेहमीची युक्ती चालत नाही. भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सननी १९७४ मध्ये हे गणित संगणकावर करता यावं अशी अवकाश-काळाची जाळी मांडली. त्या जाळीवरून न्यूक्लिऑनमधलं बल २००७ मध्ये जपानी गटाने काढून दाखवलं, पण पायॉन सुमारे ५३० एमईव्हीचा धरून, कारण हलका पायॉन संगणकाला फार महाग पडतो.

लबाडी इथे आहे. जाळीवरच्या गणितात ऊर्जा वाचायची ती काळासोबतचा तिचा आलेख सपाट झाल्यावर. पण दोन न्यूक्लिऑनसाठी थांबावं तितका गोंगाट वाढतो आणि लवकर वाचलं तर खोटा सपाटपणा खरा वाटतो. जड पायॉनच्या त्या काल्पनिक जगात दोन न्यूक्लिऑन एकमेकांना बांधून राहतात की नाही, यावर नामवंत गटांची उत्तरं वर्षानुवर्षं जुळली नाहीत. तुझ्या चार बाटल्यांसारखा पडताळा तिथेही लागतो, फक्त तो महासंगणकावर चालतो. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत हे काम करणारे लोक आहेत, त्यांना लिहायला लाजू नकोस.

'समाजोपयोगी' या शब्दाखाली दबून शेवाळ घेऊ नकोस. आणि भौतिकीवाल्यांचा रुबाब बघून जाळीकडेही वळू नकोस. दिवाळीपर्यंत दोन्ही कर: बाटल्या लाव, आणि लॅपटॉपवर युकावाचं बल घालून ड्यूटेरॉनचं (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन बांधलेलं केंद्रक) श्रोडिंजर समीकरण सोडव. २.२ एमईव्ही बंधनऊर्जा यायला बलाचा जोर किती धरावा लागतो ते काढ, मग गणनेतली अंतराची पायरी अर्धी करून उत्तर हलतं का ते बघ. हललं तर का, हे लिहून पाठव. आकडा नाही पाठवलास तरी चालेल.

रविवारी ऊन तापायच्या आत ये. येताना डाइंगमधून एवढं विचारून ये, की मीठ साधं वापरतात की ग्लॉबर (सोडियम सल्फेट), आणि टाकीतलं पाणी कोणत्या पाळीनंतर बदलतात.

तुझा,
सर