‘हे जो’ हे गाणं मूळ अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचंच का?

नाही. हेंड्रिक्सने ते डिसेंबर 1966 मध्ये आपलं पहिलं सिंगल (एकट्या गाण्याची रेकॉर्ड) म्हणून काढलं, पण त्याआधीच लॉस एंजेलिसमध्ये ते बऱ्याच बँडच्या तोंडी होतं. कॉपीराइट 1962 मध्ये बिली रॉबर्ट्स या लोकगायकाने नोंदवला. द लीव्ह्ज, लव्ह आणि द बर्ड्स, तिघांनीही ते भरधाव वाजवलं. आणि तिथेच गडबड आहे: बायकोला गोळी घालून मेक्सिकोला पळणाऱ्या माणसाची गोष्ट नाचत कशी सांगणार? टिम रोझ या गायकाने लय संथ केली. हेंड्रिक्सने तोच धागा पकडला, वर गिटार अशी बोलवली की बाकीचे विसरले गेले.

कव्हर, म्हणजे इतरांनी पुन्हा गायलेल्या आवृत्त्या, इतकी का? सी, जी, डी, ए, ई एवढेच पाच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूरगट), तेही प्रत्येक आधीच्याच्या पंचमावर. शिकाऊ माणूसही एका संध्याकाळी बसवतो. पोलंडच्या व्रोत्सवाफमध्ये तर दर 1 मे रोजी हजारो गिटारवादक एकत्र हेच वाजवतात!

हेंड्रिक्सनंतर सोल गायक विल्सन पिकेटचं 1969 चं ऐका. रॉक गायिका पॅटी स्मिथचं 1974 चंही चांगलं, पण माझं मत पिकेटला.