टॉर फुटतं का? तुळशीबागेच्या तोंडाशी उभं राहून बघा

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेनं टॉर फोडलंय म्हणतात, मग पुण्यात होस्टेलच्या वायफायवर ते वापरून उपयोग काय? (टॉर म्हणजे तुमची माहिती कुलपांच्या पापुद्र्यांत गुंडाळून ‘रिले’ नावाच्या मधल्या संगणकांच्या जाळ्यातून फिरवणारा ब्राउझर, म्हणजे कोण कुठे जातंय ते कळू नये.)

आधी एनएसएचंच ऐका. एनएसएची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या कागदांत त्यांचं २०१२ चं एक सादरीकरण आहे, ‘टॉर स्टिंक्स’ नावाचं. सगळ्यांची ओळख सगळ्या वेळी लावणं आपल्याला कधीच जमणार नाही, हातानं खपून अगदी थोड्यांची लावता येते, अशी त्यात सरळ कबुली आहे. त्यामुळे त्यांचा बराच भर टॉरसोबत येणाऱ्या फायरफॉक्स ब्राउझरच्या त्रुटींवर होता. (कांद्याच्या पापुद्र्यांची ही कल्पना मुळात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतली. एका खात्यानं कुलूप करायचं, दुसऱ्यानं किल्ली शोधत बसायचं!)

टॉरच्या जाळ्याची खरी कमजोरी वेगळीच आहे. तुळशीबागेत लक्ष्मी रोडकडून कोणी शिरलं, तर आतल्या गर्दीत त्याचा माग काढणं अशक्य. पण एक माणूस त्या तोंडाशी आणि दुसरा मंडईच्या बाजूला उभा करा. दोघांनी फक्त वेळ आणि पिशवीचा आकार टिपला तरी जोड्या लागतात, आत काय झालं ते कळायची गरजच नाही. २०१४ मध्ये असंच दोन्ही टोकांना माणसं उभी करून झालं. ३० जानेवारीपासून सुमारे ११५ रिले जाळ्यात घुसवलेले होते, ते ४ जुलैला काढून टाकले. एका टोकाचा रिले पिशवीवर, म्हणजे जाणाऱ्या माहितीवर, जणू खडूची खूण करायचा आणि दुसऱ्या टोकाचा ती वाचायचा. हे संशोधन कार्नेगी मेलनच्या एका संस्थेचं, पैसा अमेरिकी संरक्षण खात्याचा आणि माहिती गेली एफबीआयकडे. २०१६ च्या एका न्यायालयीन आदेशात ते नोंदलंय.

पण तुम्हाला लागू पडतो तो हार्वर्डचा किस्सा. डिसेंबर २०१३ मध्ये परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्यानं टॉरवरून बॉम्बच्या धमकीचे मेल टाकले. टॉर कोणी फोडलं नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोण वापरत होतं, एवढंच पाहिलं. पोलिसांनी विचारल्यावर पोरानं कबूल केलं.

मी इथल्याच एका कॉलेजच्या होस्टेलचं नेटवर्क काही वर्षं सांभाळलंय. रात्री दोनला लॉग उघडला की सगळी पोरं यूट्यूबवर, आणि एकच लॉगिन टॉरच्या रिलेशी बोलतंय. रिलेंचे पत्ते जाहीर असतात, ते ओळखायला एनएसए लागत नाही, माझ्यासारखा पुरतो. तुम्ही काय वाचताय ते मला दिसत नव्हतं, पण टॉर वापरताय हे दिसत होतं.

तेही लपवायचं असेल तर सेटिंगमध्ये ब्रिज, म्हणजे जाहीर यादीत नसलेले रिले, चालू करा. ब्राउझरचं अपडेट आलं की त्याच दिवशी टाका. आणि टॉरमध्ये स्वतःचं जीमेल उघडू नका, गूगलला तुमचं नाव आधीच पाठ आहे.