शेअर किती मिळणार, आणि ऐकून कोण घेणार?

प्रश्न : मी चिंचवडला राहतो. भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशिन शॉपमध्ये २७ वर्षं काम करतोय. मुलगी यंदा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर झाली. तिच्या हातात दोन ऑफर आहेत. हिंजवडीच्या मोठ्या आयटी कंपनीत वर्षाला ६ लाख ६० हजार. बाणेरच्या चाळीस माणसांच्या स्टार्टअपमध्ये ५ लाख १० हजार आणि वर ‘दहा लाखांचे ईसॉप’. ही मंडळी मशिनचं कंपन मोजून बिघाड आधीच ओळखणारे सेन्सर बनवतात. मुलगी म्हणते, “बाबा, तिथे मी नोकर नाही, मालक असेन.” मला ते पटत नाही. २००६ साली मी मशिनवर पार्ट धरून ठेवणारं एक फिक्स्चर सुधारून दिलं होतं. पार्ट उलटा बसायचा, एक पिन टाकली आणि रिजेक्शन जवळजवळ थांबलं. मला प्रमाणपत्र आणि स्टीलच्या डब्यांचा सेट मिळाला. त्यानंतर मी कधी काही सुचवलं नाही. शेअर दिला म्हणून माणूस मालक होतो का? तिने कुठे जावं?

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या डब्यांच्या सेटपाशी अडले. त्याच्याकडे मी परत येणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. पण आधी कागदाचा हिशेब करू.

ईसॉप म्हणजे शेअर नव्हे. आधीच ठरलेल्या भावाने पुढे शेअर विकत घेण्याचा तो हक्क, म्हणजे ऑप्शन, आहे. समजा मुलीला २,००० ऑप्शन मिळाले. कंपनीने शेवटचा निधी उभारला तेव्हा शेअरचा भाव ५०० रुपये होता, म्हणून ते ‘दहा लाखांचे’. पण शेअर घेताना तिला प्रत्येकी १०० रुपये भरायचे असतील, तर आजच्या घडीला त्यांचं मोल आठ लाख, दहा नव्हे. शिवाय सगळे एकदम हाती येत नाहीत. कायद्याने पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत एकही मिळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी पूर्ण हक्क यायला चार वर्षं लागतात.

आता दुसरी बाजू. दोन्ही पगारांत वर्षाला दीड लाखाचा फरक आहे. चार वर्षांचे सहा लाख. म्हणजे हे ऑप्शन फुकट नाहीत, मुलगी दर महिन्याच्या पगारातून त्यांचे पैसे मोजणारच आहे. ही गोष्ट ऑफर लेटरमध्ये कोणी लिहीत नाही. ती तुम्ही दोघांनी कागदावर मांडून बघा.

कराची गोष्ट याहून नाजूक. ज्या दिवशी ती ऑप्शन वापरून शेअर घेईल, त्या दिवशीचा बाजारभाव आणि तिने भरलेली रक्कम यांतला फरक तिच्या पगारात धरला जातो आणि त्यावर कर लागतो. शेअर विकलेला नसतो, कदाचित विकताही येत नसतो, कारण कंपनी बाजारात नोंदलेली नाही. समजा तिने अडीच वर्षांनी नोकरी सोडली आणि तोवर १,००० ऑप्शन तिचे झाले. अनेक योजनांत नोकरी सुटल्यावर ९० दिवसांत ते वापरावे लागतात, नाहीतर रद्द होतात. म्हणजे एक लाख रुपये खिशातून, आणि शेअरचा भाव ५०० च धरला तरी वर चार लाखांच्या ‘उत्पन्नावर’ कर. २०२० पासून काही स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर साधारण पाच वर्षं पुढे ढकलता येतो. पण त्यासाठी कंपनीकडे आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, नुसती सरकारी स्टार्टअप-मान्यता पुरत नाही. आणि नोकरी सोडली की सवलत तिथेच संपते. योजनेचा मसुदा घेऊन एखाद्या सीएकडे तासभर बसा, त्याची फी वसूल होईल.

या वाटेने माणसं खरोखर वर आली आहेत. सात इंजिनिअरांनी १९८१ साली याच पुण्यात दहा हजार रुपयांवर इन्फोसिस सुरू केली. १९९३ साली ती शेअर बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी तिने कर्मचाऱ्यांसाठी शेअर योजना आणली. त्या शेअरांवर कितीतरी मध्यमवर्गीय घरं उभी राहिली. दुसऱ्या टोकाला ऑनलाइन शिकवणीची कंपनी बायजूज आहे. २०२२ साली तिचं मूल्यांकन २२ अब्ज डॉलर सांगितलं जात होतं, आणि जुलै २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. म्हणून घरखर्च आणि कर्जाचे हप्ते यांच्या हिशेबात ईसॉपची किंमत शून्य धरा. ५ लाख १० हजारांत भागत असेल, तरच पुढचा विचार.

आता तुमचा खरा प्रश्न. शेअरने माणूस मालक होतो का?

सहकारी साखर कारखान्याचा शेअर दाखला आपल्याकडे किती घरांत फ्रेम करून लावलेला असतो. पण सर्वसाधारण सभेत उठून प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळतं का, यावर तो दाखला मालकीचा की नुसता भिंतीवरचा हे ठरतं. कंपनीतही तसंच आहे. आणि ऑप्शन जोवर वापरलेला नाही, तोवर मतदानाचा हक्कही नसतो.

यावर अमेरिकेत पुष्कळ अभ्यास झाला आहे. रटगर्स विद्यापीठाचे जोसेफ ब्लासी आणि डग्लस क्रूझ, हार्वर्डचे रिचर्ड फ्रीमन यांनी हजारो कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारून पाहिलं. नुसता शेअर वाटून फारसं काही बदलत नाही. शेअरच्या जोडीला निर्णयात सहभाग, प्रशिक्षण आणि नोकरीची काहीशी शाश्वती असेल, तर लोक सुधारणा सुचवतात, कामचुकार सहकाऱ्याला आपणहून हटकतात, टिकून राहतात. कारण सरळ आहे. चाळीस जणांत माझ्या एका कल्पनेचा फायदा माझ्या वाट्याला कणभरच येतो, तेवढ्यासाठी कोणी रात्री जागत नाही. आपलं म्हणणं ऐकलं गेलं, मशिनवर लागलं, आपल्या नावाने ओळखलं गेलं, यासाठी मात्र माणूस जागतो.

पुण्यातलंच उदाहरण सांगते. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था. दारात रोज येणारी ताई तिची सभासद असते. सॅनिटरी पॅड वेगळे कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, ही मोहीम याच संस्थेने चालवली. कचऱ्यात हात घालणाऱ्या बाईला त्या उघड्या पॅडचा काय त्रास होतो, हे ऑफिसात बसून कळत नाही. जिला ते कळतं तिचा आवाज संस्थेत चालतो, म्हणून साधा लाल ठिपका शहरभर पोचतो.

तुमच्या पिनेचंही तेच होतं. पार्ट उलटा बसतो हे रोज हाताळणाऱ्यालाच दिसतं. टोयोटाने १९५१ साली कामगारांकडून सूचना मागवायला सुरुवात केली ती यासाठीच, आणि आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये कायझेनचे, म्हणजे रोजच्या लहानसहान सुधारणांचे, बोर्ड गावोगावच्या देवळांसारखे सगळीकडे दिसतात. तुमच्या कंपनीने बक्षीस लहान दिलं याचा मला तितका राग नाही. त्यानंतर अठरा-वीस वर्षं तुम्हाला पुन्हा कोणी विचारलं नाही, याचा आहे. तुमच्या हातातल्या आणखी किती पिना तशाच राहिल्या असतील!

म्हणून मुलीला सांगा, बाणेरच्या कंपनीत जाऊन स्पष्ट विचार. एकूण शेअर किती आणि त्यात माझे २,००० म्हणजे किती टक्के? शेअर घेण्याचा भाव काय? नोकरी सोडल्यावर किती दिवस मिळतात? कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदारांचे पैसे आधी फिटणार, मग आमच्यापर्यंत काय उरणार? ही उत्तरं लेखी मागावीत. टाळाटाळ झाली, तर मालक म्हणवण्याची भाषा तिथेच थांबवावी.

त्याहून महत्त्वाचं, तिथल्या दोन-तीन तरुण इंजिनिअरांशी चहावर बोलावं. गेल्या वर्षभरात तुमची कुठली सूचना प्रत्यक्ष सेन्सरमध्ये आली? संस्थापकाला चूक दाखवली तेव्हा काय झालं? महिन्याचा जमाखर्च सगळ्यांना दाखवतात का? कारखान्यात सेन्सर बसवायला कोण जातं, आणि तिथल्या ऑपरेटरचं म्हणणं परत ऑफिसात कोण आणतं? हिंजवडीच्या कंपनीबद्दलही हेच विचारावं. मोठ्या कंपनीतही काही टीम अशा असतात की नवख्या मुलीचंही ऐकलं जातं. दोन्हीकडे तिला कुठल्या टीममध्ये टाकणार हे कळल्याशिवाय होकार देऊ नये.

माझं मत विचाराल तर : घरावर मोठं कर्ज नसेल आणि त्या चहावरच्या प्रश्नांना तिथल्या मुलांनी नावं-तारखांसकट उत्तरं दिली, तर बाणेर. शेअरसाठी नव्हे. तिने शिकलेलं इन्स्ट्रुमेंटेशन तिथे रोज हाताखाली येईल, आणि बाविसाव्या वर्षी आपलं म्हणणं मशिनवर लागलेलं बघणारी मुलगी पुढे कुठेही गेली तरी सुचवत राहते. उत्तरं गुळमुळीत आली, तर हिंजवडी. तिथे दीड लाख जास्त मिळतील, ते खरे पैसे आहेत.

होकार देण्याआधी एक काम तुम्हीही करा. ते सेन्सर जिथे बसवलेत असा एखादा कारखाना बघायला तिच्याबरोबर जा. कंपन कुठे मोजायला हवं आणि ते कुठे मोजतायत, हे तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. जे दिसेल ते तिथल्या संस्थापकाला सांगा, आणि तो वही काढतो का ते बघा.