न्यू जर्सीत दिसलेला लाल-निळ्या पट्ट्यांचा तुडतुडा कोणता, आणि तो दुर्मिळ आहे का?

आपण लिहिले आहे की न्यू जर्सीतील घराच्या परसात ब्लॅकबेरीच्या पानावर लाल-निळ्या पट्ट्यांचा, पिवळ्या पायांचा, नखाहूनही लहान असा एक किडा बसला होता आणि मोबाइल जवळ नेताच तो तिरका सरकत पानाखाली गेला. मला त्या रंगांइतकीच ही तिरकी चाल बोलकी वाटली. खेकड्यासारखे आडवे सरकून पानाआड दडणे ही तुडतुड्यांची सवयच आहे. आपल्याकडे आंब्याच्या मोहोरावर, कपाशीवर आणि भातावर येणारे तुडतुडेही याच कुळातले. फक्त ते मळकट किंवा हिरवे असतात, त्यामुळे असा रंगीत तुडतुडा प्रथम पाहणाऱ्याला ते नाते चटकन जाणवत नाही.

आपल्या फोटोवरून हा ग्राफोसेफाला कॉक्सिनिया असावा असे मला वाटते. निसर्गशास्त्रज्ञ फोर्स्टर यांनी 1771 साली या जातीचे वर्णन केले. ‘ग्राफोसेफाला’ या प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या, ग्रीक नावाचा अर्थ ‘रेघा काढलेले डोके’ असा होतो, तर ‘कॉक्सिनिया’ म्हणजे लॅटिनमध्ये किरमिजी. फोटो मोठा करून पाहिल्यास पिवळ्या डोक्याच्या कडेने डोळ्यांपर्यंत गेलेली बारीक काळी रेघ दिसते, आणि पंखांवरचे लाल पट्टे चांगले रुंद असून त्यांच्यामधली जागा निळी-हिरवी आहे. याच प्रजातीतल्या ग्राफोसेफाला फेन्नाही या जातीत मूळ रंग हिरवा आणि लाल रेघा अरुंद असतात; ती ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझुडपावर आढळते आणि अमेरिकेतून युरोपातही पोहोचली आहे. मात्र या प्रजातीत रंग बरेच बदलतात, कधी निळ्याच्या जागी हिरवा तर कधी लालच्या जागी नारिंगी दिसतो, म्हणून केवळ रंगावरून छातीठोकपणे नाव सांगू नये असे माझे आग्रहाचे मत आहे. अगदी जवळच्या जातींमधला निर्णय शेवटी नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो.

आता दुर्मिळतेविषयी. हा तुडतुडा दुर्मिळ नाही; कॅनडापासून पनामापर्यंत तो आढळतो. सुमारे 7 ते 8 मिलिमीटर लांबीचा आणि क्षणात उडी मारणारा असल्यामुळे तो नजरेस कमी पडतो, एवढेच. खरा दुर्मिळ तुडतुडा म्हणजे युगांडातील किबाले राष्ट्रीय उद्यानात 2018 साली कीटकशास्त्रज्ञ ऑल्विन हेल्डेन यांना सापडलेला फ्लोगिस किबालेन्सिस. त्या प्रजातीचा आधीचा नमुना 1969 साली मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात मिळाला होता, म्हणजे मध्ये जवळपास पन्नास वर्षे गेली. धातूसारखी चकाकी असलेला तो किडा नव्या जातीचा आहे हे ठरवतानाही नराच्या जननेंद्रियांचाच आधार घ्यावा लागला.

पुन्हा दिसल्यास त्याला लहान पारदर्शक डबीत घेऊन काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. थंडीने तो सुस्तावतो आणि त्याला इजा होत नाही. मग वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो काढावेत आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. मागच्या पायाच्या नळीवर बारीक काट्यांची लांब रांग दिसली, तर तो तुडतुडाच आहे याची खात्री होते, कारण तुडतुड्यांसारख्याच दिसणाऱ्या, फेस करणाऱ्या किड्यांच्या पायावर तिथे एखाद-दुसराच जाड काटा असतो. समोरून चेहरा फुगीर दिसेल: झाडाच्या जलवाहिन्यांतला पातळ रस ओढून घेणारे स्नायू त्याच्या आत असतात. त्या रसात पोषण फारच थोडे असल्यामुळे हा किडा दिवसभर पीत राहतो आणि जादा पाणी थेंबाथेंबाने मागे उडवतो. आपण थोडा वेळ शांत उभ्या राहिलात तर ते थेंबही दिसतील.

या रसपानातून तो झायलेला नावाचा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊ शकतो. द्राक्षवेलींच्या पियर्स रोगामागे हाच जिवाणू असतो. तरीही ब्लॅकबेरीवरच्या एक-दोन किड्यांसाठी औषध फवारू नये. समोरून काढलेला फोटो मिळाल्यास तो याच प्रश्नाखाली जोडावा. मी तो काळजीपूर्वक पाहीन.