पुढच्याची जागा आधी

तू पाठवलेले टेट्रिसच्या ऑनलाइन सामन्यांचे तिन्ही रिप्ले पाहिले. दोन परत पाहिले. तिसरा अर्ध्यावर सोडला, कारण त्यात तू जिंकली आहेस आणि जिंकलेल्या डावातून मला तुझ्याबद्दल फारसं काही कळत नाही. सोबतची प्रश्नांची यादीही वाचली. कोणता ओपनर (सुरुवातीची पाठ केलेली रचना) शिकू, डॅस (बटण दाबून धरल्यावर तुकडा सलग सरकायला लागेपर्यंतचा वेळ) किती ठेवू, फोर-वाइड शिकावं का, कीबोर्ड बदलू का, आणि सगळ्यात शेवटी, जणू सहज आठवलं म्हणून लिहिलेलं, "स्प्रिंट मिनिटाच्या आत आली तरी रँक हलत का नाही?" पत्र लिहायला बसलो ते या शेवटच्या प्रश्नासाठी. बाकीच्यांची उत्तरं तुला कुणीही देईल.

स्प्रिंट म्हणजे एकट्याने चाळीस ओळी लवकरात लवकर काढणं. दहा रकान्यांच्या चाळीस ओळी म्हणजे चारशे चौकोन, म्हणजे चार-चार चौकोनांचे शंभर तुकडे. ते मिनिटाच्या आत टाकायचे तर सेकंदाला पावणेदोनच्या आसपास वेग लागतो. तुझ्या वयात, एवढ्या थोड्या काळात हा वेग आला, त्याचं मला खरंच कौतुक आहे. पण स्प्रिंटमध्ये समोर कुणी नसतं. खालून गार्बेज (समोरच्याने ओळी काढून आपल्यावर पाठवलेल्या भोकाच्या ओळी) चढत नाही, रचना तुझी तूच बिघडवलीस तरच बिघडते. तिथे बोटं पळतात आणि डोळे मागून रमतगमत आले तरी चालतं. सामन्यात चालत नाही.

तेव्हा एकदाच नीट सांगतो. हातातला तुकडा सोडण्याआधी पुढच्याची जागा ठरलेली हवी. हे वाक्य या पत्रात इतक्या वेळा येणार आहे की तुला वीट येईल. येऊ दे.

दुसरा रिप्ले उघड आणि पहिला डाव संपण्याच्या थोडं आधी थांबव. तळाशी गार्बेजच्या चार ओळी आहेत, चारींचं भोक चौथ्या रकान्यात, एकाखाली एक. त्या भोकावर तूच मघाशी टाकलेला एल आकाराचा तुकडा आडवा पडलाय. एलच्या ओळीत बाकी सगळं भरलेलं, फक्त उजवीकडचे नववा आणि दहावा रकाना रिकामे. हातात ओ, म्हणजे चौकोनी तुकडा. पुढे आय, म्हणजे सरळ दांडा, मग टी, जे. बाजूच्या पट्टीत चार ओळींचा मारा येऊन थांबलेला. आता बघ. ओ त्या उजव्या दोन रकान्यांत तंतोतंत बसतो. ती ओळ जाते, एलचं झाकण निघतं, चौथा रकाना उघडा पडतो, आणि पुढचा तुकडा कोणता, तर आय! तो सरळ खाली. चार ओळी साफ, पट्टीत थांबलेल्या चार तिथल्या तिथे वजा. दोन तुकड्यांचं काम होतं.

तू ओ डाव्या कोपऱ्यात टाकलास, कारण तिथे सपाट दिसलं. मग आय हातात आला आणि त्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न तुला तेव्हा पडला. तू त्याला उजव्या भिंतीला उभा करून टाकलास आणि नवव्या रकान्यात एक नवी विहीर खणलीस. त्यानंतर मी रिप्ले पुढे पाहिला नाही, पाहायची गरजही नव्हती.

चिडू नकोस. ओ टाकलास तो चुकीच्या जागी टाकलास म्हणून मी हे उगाळत नाही. आय दिसत होता, पुढचे पाच तुकडे पडद्यावर मांडलेले होते, आणि तू त्यांच्याकडे पाहिलंच नाहीस, हे मला खुपलं. ओ सोडण्याआधी आयची जागा ठरलेली असती तर ओ आपोआप बरोबर पडला असता. हातातल्या तुकड्याची योग्य जागा त्या तुकड्याकडे बघून कळतच नाही. ती पुढच्याकडे बघून कळते.

आता जरा हिशोब कर. मोकळ्या बोर्डवर चार ओळी एकदम काढायच्या तर चाळीस चौकोन लागतात, म्हणजे दहा तुकडे, आणि मारा जातो चार ओळींचा. टी-स्पिन डबलला, म्हणजे टी फिरवून खाचेत घुसवत दोन ओळी काढायला, वीस चौकोन, पाच तुकडे, मारा तेवढाच, चार. म्हणून सगळे टी-स्पिनच्या मागे लागतात आणि त्यात काही गैर नाही. साधी डबल काढलीस तर तेच पाच तुकडे आणि मारा फक्त एक. पण गार्बेजची ओळ येतानाच दहापैकी नऊ चौकोन भरून येते. भोकं एका रेषेत असली तर एकट्या आयने चारचा मारा. तू ज्याला संकट समजून घाबरून वरवर रचत जातेस, तो समोरच्याने तुला फुकट पाठवलेला दारूगोळा असतो. मात्र भोकं एका रेषेत नसतील, इकडेतिकडे विखुरलेली असतील, तर तो खणून काढावा लागतो, आणि खणणं म्हणजे निव्वळ पुढचं बघणं. हा तुकडा या ओळीत, मग ते झाकण उघडेल, मग तिथे जे. एका वेळी एकच तुकडा बघणाऱ्याला खणता येत नाही. तो वर ढीग लावत राहतो आणि मरतो.

ओपनरचं म्हणशील तर टीकेआय, डीटी कॅनन, पीसीओ, तिन्ही तुला पाठ आहेत. पहिल्या काही सेकंदांत तू खरोखर देखणी खेळतेस. का, माहीत आहे? कारण तिथे पुढच्याची जागा आधीच ठरलेली असते, कुणीतरी दुसऱ्याने ठरवून दिलेली. पहिलं गार्बेज वर आलं की पाठांतर संपतं आणि तू एकदम वेगळीच खेळाडू होतेस. चौथा ओपनर शिकून यात काय फरक पडेल, तूच सांग.

आणि आय येत नाही म्हणून रडू नकोस. तुकडे सातांच्या पिशवीतून येतात. सातही प्रकार एकेकदा येऊन गेल्याशिवाय कुठलाच परत येत नाही. दोन आयच्या मध्ये जास्तीत जास्त बारा दुसरे तुकडे येऊ शकतात, तेही एका पिशवीत तो पहिला आणि पुढच्या पिशवीत शेवटचा आला तरच. म्हणजे दिसणाऱ्या पाचांच्या पलीकडचंही थोडं कळतं. या पिशवीतलं काय येऊन गेलं आणि काय राहिलं एवढं ध्यानात ठेवलंस की झालं. हे तुला ठाऊक आहे, तुझ्याच एका निरोपात तू ते लिहिलं होतंस. ठाऊक असणं आणि डाव रंगात असताना वापरणं यांत खूप अंतर आहे.

तू त्या मुलाचा व्हिडिओ पाठवला होतास ना, २०२३ च्या डिसेंबरात ज्याने निन्टेन्डोच्या एनईएस या खेळयंत्रावरचं जुनं टेट्रिस १५७ व्या लेव्हलला नेऊन गोठवलं, तेरा वर्षांचा. सगळ्यांनी त्याच्या बोटांचं कौतुक केलं. ते रोलिंग, बोटांच्या टोकांनी कंट्रोलर मागून वाजवणं, मीही तोंड उघडं ठेवून पाहिलं. पण तो खेळ वेगळा आहे हे लक्षात घे. तिथे होल्ड, म्हणजे एक तुकडा बाजूला राखून ठेवायची सोय, नाही, सातांची पिशवी नाही, पुढचा तुकडा एकच दिसतो. एवढ्या अंधारात तो खेळला, आणि तरी त्याचा ढीग बघ, जवळजवळ प्रत्येक तुकडा पडायच्या आधीच पुढच्यासाठी जागा तयार. तुला तर पाच दिसतात आणि होल्डचा सहावा हाताशी! पाच दाखवूनही एकच बघायचा, हा निव्वळ करंटेपणा.

आता तू मनात काय म्हणत असशील ते मला ऐकू येतं. "तुमचा पीपीएस, म्हणजे सेकंदाला तुकडे, किती, दादा?" कमी आहे. तुझ्यापेक्षाही कमी आहे आणि माझी रँकही कित्येक दिवस जागची हललेली नाही. यावरून मला पुष्कळ टोमणे ऐकायला मिळतात. कोवळी मुलं दोन डाव हरतात आणि चॅटमध्ये लिहितात, इतक्या हळू कुणी खेळतं का. खेळतं. मी खेळतो. मी मुद्दाम माझ्या डोळ्यांच्या पुढे जात नाही. बोटं आणखी पळू शकतात हे मला माहीत आहे, स्प्रिंटमध्ये पळतातही, पण सामन्यात मला न दिसलेला एकही तुकडा टाकायचा नाही, असं मी ठरवलंय. त्यामुळे मी हरतो तेव्हा कुठे हरलो ते मला दाखवता येतं. तुला येतं का? "मिसड्रॉप झाला", म्हणजे तुकडा चुकून भलतीकडे पडला, असं तू तीन ठिकाणी लिहिलंस. मी त्या तिन्ही जागा पाहिल्या. एकच खरा मिसड्रॉप आहे. बाकी दोन्ही ठिकाणी तुकडा तुला हवा तिथेच पडला, फक्त तुला काय हवं होतं तेच तुला ठाऊक नव्हतं.

फोर-वाइडबद्दल माझं मत विचारू नये हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. मधले चार रकाने रिकामे ठेवायचे, दोन्ही बाजूंना तीन-तीन रकान्यांचे मनोरे चढवायचे, तळाशी तीन चौकोनांचा अवशेष ठेवायचा आणि मग एकामागून एक ओळी काढत कॉम्बो वाढवत न्यायचा. जमलं तर समोरचा बुडतो. मी शिकलो नाही. मला येत नाही असं लोक म्हणतात, म्हणोत. माझं म्हणणं एवढंच की तो मनोरा चढवताना तू जवळजवळ काहीच बघत नाहीस, आणि बघायची सवय तुला आधीच नाही. ज्याला खणता येतं त्याने फोर-वाइड शिकावा, चैन म्हणून. हो, पुष्कळ जण ते खेळतात हे मलाही माहीत आहे. तरी माझं मत बदलत नाही.

मला एका गोष्टीची चुटपुट मात्र आहे. टेट्रिस फ्रेंड्स नावाचं एक संकेतस्थळ होतं, फ्लॅशवर चालायचं, २०१९ मध्ये बंद झालं. तिथे एक जण मला कायम हरवायचा. वेगाने माझ्यापेक्षा मंद, अगदी डोळ्यांत भरण्याइतका मंद, आणि तरी हरवायचा. त्याचा तुकडा कधी हवेत अडखळला नाही. नवा तुकडा आला की तो जणू आधीच कुठे जायचं ते माहीत असल्यासारखा निघायचा. मी त्याला एकदाही विचारलं नाही की तू नक्की बघतोस कुठे. अहंकार म्हण, संकोच म्हण. मग ती जागाच गेली आणि तो कुठल्या नावाने आता कुठे खेळतो, खेळतो की नाही, काही कळायला मार्ग उरला नाही. तू मला सरळ विचारलंस म्हणून मी एवढं लांबण लावतोय, हे ध्यानात घे.

काय करायचं ते सांगतो. टेट्रिओ या संकेतस्थळावरच्या झेन या सरावाच्या प्रकारात जा. तिथे कुणी मारत नाही, घड्याळ नाही. नियम एकच. हार्ड ड्रॉप (तुकडा एकदम खाली टाकणारं बटण) दाबण्याआधी पुढच्या तुकड्याची जागा तोंडाने मोठ्याने म्हणायची. "टी तिसऱ्यात, पाठीवर." "झेड उजवीकडे, उभा." जागा म्हणता येईना तर दाबायचं नाही, बसून राहायचं. पहिल्या दिवशी तुला स्वतःचा राग येईल, इतकं संथ वाटेल. वाटू दे. तोंड बंद करून मनात म्हणायची वेळ आपोआप येते, ती ओढून आणू नकोस. हे जमलं की दोन पुढच्यांची जागा. मग खणायला जा. जेस्ट्रिस या दुसऱ्या संकेतस्थळावर चीझ रेस, म्हणजे गार्बेजच्या ओळी खणून काढायची शर्यत, आहे, दहा ओळींची घे. तिथे वेळेकडे ढुंकूनही पाहू नकोस, किती तुकड्यांत संपवलीस तेवढंच लिहून ठेव. तो आकडा खाली आला पाहिजे.

या काळात लीग, म्हणजे रँकचे सामने, खेळलीस तर रेटिंग घसरेल. घसरू दे. नवीन अकाउंट मात्र काढू नकोस, हे आधीच बजावतो, कारण तुझा स्वभाव मला थोडाफार कळलाय. जुन्या वेगाने खेळून दोन डाव जिंकायचा मोह होईल, तेव्हा पुन्हा तेच: हातातला सोडण्याआधी पुढच्याची जागा. मारा येत असला तरी. समोरचा पीसीवर पीसी काढत, म्हणजे बोर्ड पुन्हा पुन्हा पूर्ण रिकामा करत असला तरी. तेव्हा तर जास्तच.

आता उरलेलं, पटकन. टेट्रिओत डॅस मुळात दहा फ्रेम असतो, म्हणजे साधारण १६७ मिलिसेकंद. तो सात-आठ फ्रेमवर आण, एआरआर (सरकायला लागल्यावर दोन रकान्यांमध्ये जाणारा वेळ) शून्य कर, आणि नंतर कित्येक आठवडे सेटिंगला हात लावू नकोस. दर हरलेल्या डावानंतर आकडे बदलणं हा पळपुटेपणा आहे. फिनेसचं, म्हणजे कमीत कमी बटणांत तुकडा जागेवर नेण्याचं, म्हणशील तर तुझी डावीकडची बोटं छान आहेत, पण तू एकाच बाजूने फिरवतेस, उलट फिरवायचं बटण धूळ खात पडलंय. एस, झेड आणि आयला त्याची सवय लाव. एक तासात जमणारी गोष्ट आहे, तिच्यावर लेख वाचत बसू नकोस.

पुढचे रिप्ले हरलेलेच पाठव, आणि प्रत्येकात कुठल्या तुकड्याला पुढचं दिसलं नव्हतं ते स्वतः लिहून पाठव, मगच मी बघेन. कीबोर्ड आहे तो चालेल. तीन बटणं एकदम दाबली तर तिन्ही लागतात ना, तेवढं तपास.