नवा चार्टप्लॉटर, जुना ऑटोपायलट आणि फर्मच्या नावाचं बिल

प्रश्न : माझी शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, प्रोप्रायटरी. परदेशातून आलेली ३८ फुटी जुनी मोटर यॉट मी घरच्यांसाठी घेतली, ती देवगडला असते. तिचा रडार आणि जीपीएस फारच जुने होते. जीपीएस तारीखसुद्धा जवळजवळ वीस वर्षं मागची दाखवायचा. मुंबईच्या एका डीलरने १० लाख ८० हजारांत नवा चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा), रडार, व्हीएचएफ (रेडिओ) आणि एआयएस (बोटीची ओळख आणि जागा इतरांना कळवणारं यंत्र) बसवून दिले. आपोआप सुकाणू धरणारा जुना ऑटोपायलट तसाच ठेवून प्लॉटरला जोडायचा, असं ठरलं होतं. ८ लाख बँकेतून आणि १ लाख २० हजार रोख दिले. आता ऑटोपायलट प्लॉटरचं ऐकत नाही, प्लॉटरवर बोटीची दिशाही चुकते. डीलर म्हणतो, ऑटोपायलट नवा घ्या, आणखी पावणेदोन लाख लागतील. तपासायला नेलेला ऑटोपायलटचा कंट्रोल बॉक्स आणि जुना रडार बाकी दिल्याशिवाय परत देणार नाही म्हणतो. बिल जीएसटीच्या सेट-ऑफसाठी (भरलेला कर वळता करून घेण्यासाठी) फर्मच्या नावावर घेतलंय आणि त्यावर ‘मुंबई न्यायकक्षेच्या अधीन’ असं छापलंय. एआयएसमध्ये त्याने जुन्या सेटमधलाच २३५ ने सुरू होणारा नंबर टाकलाय, तो चालेल ना? ग्राहक आयोगात जाता येईल का?

उत्तर : तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलेल्या नंबरापासून सुरुवात करतो, कारण पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट मला तीच वाटते. तो नंबर चालणार नाही.

नऊ आकड्यांच्या त्या क्रमांकाला एमएमएसआय म्हणतात. पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचा आकडा ४१९, तर २३२ ते २३५ ब्रिटनचे. म्हणजे तुमची बोट देवगडच्या खाडीत उभी राहून आपण ब्रिटनची असल्याचं सांगतेय. व्हीएचएफवर संकटाचं लाल बटण असतं. त्या सेटमध्येही हाच नंबर भरला असेल आणि कधी बटण दाबावं लागलं, तर संदेशासोबत तोच जाईल. किनाऱ्यावरचा अधिकारी नोंदीत शोधेल, तेव्हा त्याला आधीच्या मालकाचं नाव आणि परदेशातला फोन सापडेल. बोटीवर तुमची मुलं असतील आणि शोध सुरू व्हायला त्यामुळे उशीर होईल. शिवाय २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला समुद्रमार्गे झाल्यापासून आपल्या किनाऱ्यावर परकीय ओळख सांगणाऱ्या बोटीची चौकशी होतेच. भारतीय क्रमांक नौवहन महासंचालनालयाकडून मिळतो. व्हीएचएफ, एआयएस, रडार यांसारख्या प्रक्षेपण करणाऱ्या यंत्रांचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगकडून. दोन्ही अर्ज लगेच करा आणि तोवर एआयएसचं प्रक्षेपण बंद ठेवा. डीलरकडे प्रत्येक सेटचं आयातीचं बिल आणि उपकरण-मान्यतेचा कागद लेखी मागा. ते त्याच्याकडे नसतील, तर तुमच्या तक्रारीत एक मुद्दा वाढला. बोटीत जुन्या मालकाचा थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन कुठे पडलेला असेल, तर तो चालू करून पाहू नका. परवानगीशिवाय असा फोन बाळगल्याबद्दल आपल्याकडे माणसं अटकेत गेली आहेत. तो सापडलाच तर आधी मला कळवा.

आता ग्राहक आयोग. जाता येईल, पण तुमच्या वाटेतला खरा अडथळा तुम्ही स्वतः तयार केलाय : फर्मच्या नावाचं बिल. डीलरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की ही खरेदी व्यापारी कारणासाठी आहे आणि तक्रारदार ग्राहकच नाही. याला उत्तर आहे. प्रोप्रायटरी फर्मला मालकापासून वेगळं अस्तित्व नसतं; फर्म म्हणजे तुम्हीच. शिवाय बिलावर नाव कोणाचं यापेक्षा वस्तू मुख्यतः कशासाठी घेतली, हे पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या १९९५ च्या निकालापासून हा हेतूचा विचार केला आहे, आणि २०२४ मध्ये कंपनीच्या नावावर घेतलेल्या पण संचालकाच्या वापरातल्या मोटारीबाबत, ही खरेदी व्यापारी हेतूची नाही, असं मान्य केलं. तुमची बोट ओतकामासाठी वापरली जात नाही. ती घरच्यांसाठी आहे हे देवगडच्या नोंदी, विमा आणि तुमचे फोटोसुद्धा सांगतील. मात्र बोट सीझनमध्ये कुणाला भाड्याने दिली असेल, तर आजच सांगा. ते लपवून दाखल केलेली तक्रार उलटतपासणीत टिकत नाही.

पण हे उत्तर देण्याआधी सेट-ऑफचं काय केलंत? तुम्ही लिहिलंय ‘सेट-ऑफसाठी’, घेतला की नाही ते लिहिलं नाही. घेतला असेल तर जीएसटी खात्याला तुम्ही सांगितलंय की खर्च धंद्याचा आहे, आणि आयोगाला सांगणार की बोट घरची आहे. हे दोन कागद एकमेकांसमोर आले की तुमची बाजू तिथेच संपते. मुळात जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे जहाज-बोटींवरचं क्रेडिट (म्हणजेच हा सेट-ऑफ), त्यांच्या दुरुस्ती-देखभालीच्या सेवांवरचंसुद्धा, काही ठरावीक व्यवसाय सोडले तर मिळतच नाही. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर तर नाहीच. या आठवड्यात सीएकडे जा आणि क्रेडिट घेतलं असेल तर लागेल त्या व्याजासह परत करा. रक्कम मोठी वाटेल, पण ती भरल्याशिवाय मी तुमची तक्रार दाखल करणार नाही.

‘मुंबई न्यायकक्षा’ या छापील ओळीला फार घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ ने ग्राहकाला तो राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो तिथे तक्रार करायचा हक्क दिलाय. डीलरच्या बिलबुकातल्या ओळीने तो हिरावला जात नाही. दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच, फी २०० रुपये. मुदत दोन वर्षांची.

मूळ वादात तुमची बाजू मला भक्कम वाटते. जुना ऑटोपायलट एनएमईए ०१८३ या पद्धतीने माहिती घेतो, नवा प्लॉटर एनएमईए २००० वर चालतो. दोघांच्या मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि तोही त्या ऑटोपायलटला चालणारा हवा. हे डीलरला ठाऊक असायलाच हवं होतं, तुम्हाला नाही. तुम्ही पाठवलेल्या व्हॉट्सअॅपच्या फोटोत तुमचा प्रश्न आहे, ‘जुना पायलट याला जोडला जाईल ना?’ आणि खाली त्याचं उत्तर, ‘होईल साहेब, टेन्शन घेऊ नका’. वस्तू विक्री कायदा १९३० चं कलम १६ नेमकं अशाच प्रसंगासाठी आहे : गरज सांगून, विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. ही गप्पांची नोंद पुसू नका आणि फोन बदलू नका; पुढे या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल. रोख दिलेल्या रकमेवर त्याने ‘मिळाले’ असं काही लिहिलं असेल, तर तेही शोधून ठेवा. पावती न देणं हा स्वतंत्रपणे अनुचित व्यापार आहे.

जुन्या सामानावर त्याचा ताबा टिकत नाही. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे ज्या वस्तूवर मेहनत केली तीच वस्तू, त्या कामाच्या पैशापुरती अडवून ठेवता येते. रडारवर त्याने काही काम केलेलं नाही, तो फक्त उतरवला. कंट्रोल बॉक्सची खरोखर तपासणी केली असेल, तर फार तर तपासणीचं शुल्क मागू दे. सगळ्या बाकीपोटी माल धरून ठेवायचा सरसकट हक्क कलम १७१ ने बँकर, अडते, धक्केवाले, हायकोर्टाचे ॲटर्नी आणि विमा-दलाल यांना दिलाय. इतरांना तसा लेखी करार लागतो. एवढं मात्र तपासा की कोटेशनमध्ये जुना रडार ‘बायबॅक’ म्हणून वजा केलेला नाही ना. पोलिसात अपहाराची तक्रार द्यायचा मोह होईल, पण आत्ता नको. हा दिवाणी वाद आहे म्हणून ती परत येईल आणि डीलरला तेवढंच दाखवायला मिळेल.

आता सगळ्यात निकडीचं. दिशा चुकते याचं कारण तुमच्याच फोटोत दिसतंय असं मला वाटतं : होकायंत्राचा सेन्सर बैठकीखालच्या कप्प्यात, संगीताच्या स्पीकरला खेटून बसवलाय. स्पीकरच्या चुंबकाने येणारी चूक बोटीच्या प्रत्येक दिशेला वेगळी असते, त्यामुळे प्लॉटरमध्ये एक आकडा वजा करून ती जात नाही. पण हे मी म्हणून उपयोग नाही. स्वतंत्र मरीन सर्व्हेअर बोलवा. तो आठ दिशांना बोट फिरवून सुकाणूजवळचं चुंबकीय होकायंत्र आणि प्लॉटर यांची वाचनं घेईल, तारांचे आणि सेन्सरचे फोटो काढेल, सही-तारखेचा अहवाल देईल. तोपर्यंत एकही स्क्रू हलवायचा नाही. अहवालानंतर डीलरला १५ दिवसांची नोटीस पाठवू. त्यात त्याने दुरुस्त केलं नाही, तर दुसऱ्याकडून काम करून घ्या आणि खर्च मागा. वाट पाहत सीझन घालवलात, तर नुकसान कमी करायचा प्रयत्न केला नाही, असा आक्षेप तुमच्यावरच येईल.

त्या चाचणीपुरती सोडून बोट बाहेर काढू नका. मुदतीच्या विमा पॉलिसीत, मालकाला ठाऊक असताना बोट सागरयोग्य नसलेल्या स्थितीत समुद्रात गेली, तर त्या कारणाने झालेल्या नुकसानीला विमा कंपनी जबाबदार राहत नाही. सागरी विमा कायदा १९६३, कलम ४१(५). दिशादर्शक चुकतो, असं तुमच्या सहीच्या नोटिशीत आलं की ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय संपली. देवगड-मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ही जोखीम तुम्ही घेऊ नये, पैशांसाठीही नाही आणि माणसांसाठी तर नाहीच.

राहिलेले १ लाख ६० हजार आत्ता देऊ नका, पण ‘देणार नाही’ असंही लिहू नका. ‘काम ठरल्याप्रमाणे पूर्ण झाल्यावर देईन’ एवढंच लिहा. आणि सर्व्हेअर येण्याआधी डीलरचा माणूस ‘दोन मिनिटांत सेटिंग करून देतो’ म्हणत जेट्टीवर आला, तर त्याला बोटीवर घेऊ नका. सर्व्हे झाल्यावर या म्हणा, आणि ते लगेच व्हॉट्सअॅपवर लिहूनही पाठवा.