पिस्तुलाआधी सेवापुस्तक

अनेक आशीर्वाद.

पटकथा वाचली. पाठलाग झकास जमलाय, बर्फातला गोळीबारही. पण हे सगळं घडतं कुठे? 'पूर्व युरोपातलं एक शहर' हा काय पत्ता झाला? पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट वाटाघाटी करून गेली, रोमेनियातली रस्त्यावर रक्त सांडून. दोन्हीकडचा गुंड एकाच मापाचा कसा असेल? आधी देश ठरव, साल ठरव, मग कुणाच्या हातात पिस्तूल द्यायचं ते बघू.

व्वादिस्वाव पासिकोव्स्कीचा 'प्सी' हा १९९२चा पोलिश चित्रपट मिळवून बघ. हाणामारी सगळ्यांच्याच लक्षात राहते, तू सुरुवात नीट बघ. गुप्त पोलीस खात्यातला फ्रान्झ माउरेर एका समितीपुढे बसलाय. कालपर्यंत हा लोकांच्या फायली चाळायचा, आज त्याचीच फाईल टेबलावर उघडी पडलीय. नव्या प्रजासत्ताकाच्या कायद्याचं रक्षण करणार का, असं विचारल्यावर तो म्हणतो, अगदी शेवटपर्यंत. माझ्या किंवा प्रजासत्ताकाच्या. हा उद्धटपणा की प्रामाणिकपणा, ते दिग्दर्शक सांगत बसत नाही.

ही समिती कल्पनेतली नाही. १९९० साली पोलंडने 'एसबी' नावाचं हे खातं बरखास्त केलं. साधारण २४ हजार अधिकाऱ्यांपैकी १४ हजारांच्या आसपास नव्या नोकरीसाठीच्या पडताळणीला उभे राहिले आणि १० हजारांवर पात्र ठरले. बाकीचे कुठे गेले? तुझा थ्रिलर तिथे आहे. पाळत ठेवायची, माणूस फोडायचा, नेम धरायचा, हे सगळं अंगवळणी पडलेलं, आणि नोकरी गेलेली. बाहेर बाजार नुकताच खुला झालाय, जुन्या ओळखी शाबूत आहेत. फ्रान्झ पास होतो आणि नव्या पोलीस दलात लागतो. त्याचा जिवलग ओलो नापास होतो आणि अमली पदार्थांच्या टोळीला जाऊन मिळतो. समितीच्या एका शेऱ्याने दोन मित्र समोरासमोर येतात. (मध्ये एक मुलगीही येते, पण ती बाजू मला चित्रपटात सगळ्यात कच्ची वाटते. बायका लिहिताना या दिग्दर्शकाचा हात आखडतो. तू ते गिरवू नकोस.)

कचऱ्याच्या डेपोवर फायली जाळण्याचा प्रसंग दोनदा बघ. खात्याने आपली दप्तरं खरोखरच अशी नष्ट केली होती. जळतोय तो पुरावा, आणि जी फाईल जाळायची राहिली ती उद्या कुणाला तरी दाबायला उपयोगी पडणार. तुझ्या गोष्टीतल्या त्या हिऱ्यांच्या पेटीपेक्षा अशी एक फाईल जास्त महाग.

आणखी एक प्रसंग. डिसेंबर १९७० मध्ये ग्दिनियात कामगारांवर गोळीबार झाला. मेलेल्या एका तरुणाला दाराच्या फळीवर ठेवून लोकांनी रस्त्यांतून नेलं. त्यावर गाणं झालं, आणि पोलिश दिग्दर्शक आंद्रे वायदाच्या १९८१च्या चित्रपटातून ते घरोघरी पोचलं. 'प्सी'मध्ये दारू ढोसलेले एसबीवाले आपल्यातल्या एका बेशुद्ध बेवड्याला खांद्यावर घेतात आणि हेच गाणं म्हणत निघतात. पोलंडमध्ये गदारोळ झाला, विटंबना म्हणून. मला तो प्रसंग क्रूर वाटतो आणि अचूकही: ज्या राजवटीने गोळ्या घातल्या, तिचेच नोकर आता स्वतःला हुतात्मे समजतायत. 'प्सी'मध्ये फ्रान्झ झालेला नट बोगुस्वाव लिंडा वायदाच्या त्या चित्रपटातही एका छोट्या भूमिकेत होता. तिथल्या प्रेक्षकाला हे दिसत असणारच. भूमिका वाटताना नटाचा मागचा चेहराही कामाला येतो, तो असा.

आता तुझं काम. खलनायकाच्या गळ्यातली ती सोन्याची साखळी आधी काढ. १९९० मध्ये तो अजून तेवढा श्रीमंत झालेला नाही. मग त्याचं सेवापुस्तक लिही. कुठल्या साली रुजू झाला, बढती कुणाच्या शिफारशीने मिळाली, पेन्शन किती बुडाली, शेवटच्या दिवशी कपाटातून काय उचलून घरी नेलं. नायकाचंही लिही, आणि दोघांनी एकाच साहेबाच्या हाताखाली एखादी लाजिरवाणी कामगिरी केलेली असू दे. संवादांत यातलं काहीही कोंबायचं नाही. ही पानं आधी पाठव. पाठलाग आहे तिथेच राहू दे, तो नंतर बघू.